शिरस्त्राण : ज्याचें त्याचें

घरांत नवी दुचाकी यावयाची असली म्हणजे आठ-पंधरा दिवस आधींपासून तिच्याविषयीं खल चालतो. रंग कोणता घ्यावा, एका लिटरांत किती किलोमीटर पळते, शेजाऱ्यांच्या गाडीपेक्षां बैठक उंच आहे काय, पूजेचा मुहूर्त कोणता, नारळ कोणीं वाढवावा, या सर्व प्रश्नांचा घरांतील लहानथोर मंडळी यथासांग निकाल लावितात. परंतु त्या गाडीवर बसणाराच्या डोक्यावर काय असावें हा प्रश्न त्या चर्चेंत क्वचितच निघतो. विक्रेत्यानें गाडीबरोबर जें दिलें तें घ्यावें, किंवा पोलिसानें हटकल्यावर रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेल्यांतून एक उचलावें. आणि मग तेंच एक हेल्मेट थोरल्या भावानें सकाळीं कचेरींत जातांना, धाकट्यानें दुपारीं कॉलेजांत जातांना व सुनेनें संध्याकाळीं भाजी आणावयास जातांना घालावें, असा पुष्कळ घरांतील रिवाज आहे. खुंटीवरची छत्री जशी ज्याला हवी त्यानें घ्यावी, तसेंच हें. एकत्र कुटुंबपद्धतीचा आम्हांस अभिमान आहे. तथापि या एका वस्तूपुरती तरी घरांत वांटणी झालीच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तें कां, हें या महिन्यांत सांगावयाचें योजिलें आहे.

नुसत्या नांवाचा विचार केला तर ही वस्तु आपल्याला नवी नाहीं. अमरकोशांत शिरस्त्र व शीर्षण्य हे दोन्ही शब्द सांपडतात, आणि मस्तकाला उत्तमांग हें नांवही त्याच कोशांत दिलेलें आहे. मात्र जुन्या शिरस्त्राणाचें काम शत्रूचा वार अडविण्याचें होतें. मोटारसायकलवर बसणारावर कोणी वार करीत नाहीं. तोच स्वतः वेगानें जाऊन जमिनीवर आदळतो. या दोन गोष्टींत फार अंतर आहे, आणि तें अंतर ध्यानांत न आल्यामुळेंच जें जितकें कठीण तें तितकें चांगलें असा समज लोकांत रूढ झाला आहे.

नव्या शिरस्त्राणाची कथा एका प्रसिद्ध मृत्यूशीं निगडित आहे. पहिल्या महायुद्धांत अरबस्तानांत नांवलौकिक मिळविलेला इंग्रज अधिकारी टी. ई. लॉरेन्स हा 13 मे 1935 रोजीं इंग्लंडांतील डॉर्सेट परगण्यांत, आपल्या घरापासून थोड्याच अंतरावर, ब्रफ सुपीरियर या मोटारसायकलीवरून चालला होता. सायकलींवरून जाणारीं दोन मुलें एकाएकीं समोर दिसलीं; त्यांना चुकवितां चुकवितां त्याचा तोल गेला व तो रस्त्यावर फेंकला गेला. डोक्यावर कांहीं नव्हतें. सहा दिवस बेशुद्धावस्थेंत काढून 19 मे रोजीं, वयाच्या 46 व्या वर्षीं, तो मरण पावला. त्याच्या उपचारासाठीं ज्या डॉक्टरांना पाचारण झालें त्यांत ऑस्ट्रेलियांत जन्मलेला ह्यू केर्न्स नांवाचा मेंदूचा शस्त्रवैद्य होता. रोगी गेला, शस्त्रवैद्यानें मात्र तो विषय सोडला नाहीं.

पुढें केर्न्स ऑक्सफर्ड येथें प्राध्यापक झाला, आणि दुसरें महायुद्ध सुरू होतांच लष्कराचे निरोपे पोंचविणारे मोटारसायकलस्वार डोक्यास इजा होऊन त्याच्याकडे येऊं लागले. युद्धाच्या पहिल्या 21 महिन्यांत ब्रिटनच्या रस्त्यांवर मोटारसायकलस्वार व त्यांच्या मागें बसलेले असे मिळून 2,279 लोक मृत्यु पावले. त्याच्या आधींच्या 21 महिन्यांत हीच संख्या 1,884 होती. हे आंकडे केर्न्सनें सन 1941 च्या ऑक्टोबरांत ब्रिटिश मेडिकल जर्नलमधील आपल्या लेखांत मांडले. शिरस्त्राण घातलेले असे जखमी त्याला अवघे सात आढळले होते, आणि त्या सातांपैकीं एकही दगावला नव्हता. सात उदाहरणांवरून सिद्धान्त होत नसतो. तरी शहाण्या माणसाला इशारा मिळण्यास तेवढीं पुरतात. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत ब्रिटिश लष्करानें आपल्या मोटारसायकलस्वारांस शिरस्त्राण सक्तीचें केलें. सामान्य नागरिकांना तें सक्तीचें व्हावयास मात्र 1973 साल उजाडावें लागलें, व तोंपर्यंत केर्न्सला जाऊन एकवीस वर्षें झालीं होतीं. सैनिकाच्या डोक्याची किंमत सरकारला आधीं कळते आणि कारकुनाच्या डोक्याची बत्तीस वर्षांनंतर, एवढाच त्याचा अर्थ!

आज या बाबतींत तर्क करण्याचें कारण उरलेलें नाहीं. निरनिराळ्या देशांतील पाहण्या एकत्र करून कोक्रेन या वैद्यकीय परीक्षणमालेनें सन 2008 मध्यें जो निष्कर्ष काढला, त्याप्रमाणें शिरस्त्राणामुळें अपघातांत मृत्यूचा संभव सुमारें 42 टक्क्यांनीं व डोक्यास इजा होण्याचा संभव सुमारें 69 टक्क्यांनीं कमी होतो. त्यानें मृत्यु टळतोच असें नाहीं, हेंही या आंकड्यांतच आलें.

आतां तें करतें काय, हें नीट समजून घेऊं. कारण निवडीचे सर्व नियम त्यांतूनच निघतात. दुचाकीवर बसलेल्या माणसाचें डोकें जमिनीपासून सुमारें दीड मीटर उंचीवर असतें. गाडी जागच्या जागीं उभी असतांना कलंडली आणि डोकें तेवढ्या उंचीवरून खालीं आलें, तरी जमिनीवर पोंचतांना त्याचा वेग ताशीं 19 ते 20 किलोमीटर होतो. हें गणित मॅट्रिकच्या वर्गांतील मुलाला येतें. हा वेग थांबविण्यास डांबरी रस्ता जवळजवळ कांहींच अंतर देत नाहीं. अडीच मिलिमीटरांत डोकें थांबलें असें धरलें, तर त्यावर येणारा ताण गुरुत्वाकर्षणाच्या सुमारें 600 पट भरतो; तेंच पंचवीस मिलिमीटरांत थांबलें, तर 60 पट. प्रत्यक्षांत हिशेब इतका सरळ नसतो, परंतु तत्त्व हेंच. कवटी थांबली तरी आंतील मेंदू पुढें जातच राहतो व हाडावर आपटतो. म्हणून डोकें थांबण्यास जरा अधिक अंतर व जरा अधिक वेळ मिळवून देणें, एवढेंच शिरस्त्राणाचें खरें काम आहे.

तें काम बाहेरचें चकचकीत कवच करीत नाहीं. कवच टोंकदार वस्तु आंत शिरूं देत नाहीं, आघात पसरवितें व रस्त्यावरून घसरण्यास मदत करतें. खरें काम आंतील पांढऱ्या थराचें. कठीण कवचाच्या आंत चिरडून जाणारा थर बसविण्याच्या युक्तीबद्दल रॉथ व लोम्बार्ड या दोघांस अमेरिकेंत सन 1953 मध्यें पेटंट मिळालें, आणि आजचीं सारीं चांगलीं हेल्मेटें त्याच वंशांतील आहेत. हा थर म्हणजे आपल्या ओळखीच्या थर्मोकोलचाच दाट भाऊ. सन 2018 मध्यें आपल्या राज्यांत गणपतीच्या मखरावरील थर्मोकोलला बंदी झाली व तें योग्यच झालें. परंतु हेल्मेटांतील हा थर जर कोणीं काढून टाकिला, किंवा त्याच्या जागीं नुसता मऊ स्पंज भरलेला असला, तर उरते ती प्लॅस्टिकची टोपी. दुकानांत पहिल्यानें आंतील अस्तर थोडें बाजूला सारून हा थर आहे किंवा नाहीं, व तो बोटानें सहज दबतो कीं काय, तें पहावें. स्पंज बोटानें दबतो. हा दबत नाहीं.

हा थर चिरडतो तो एकदांच. पुन्हां फुगून पूर्ववत् होत नाहीं. एका जोराच्या आघातानंतर वरचें कवच अगदीं निर्मळ दिसलें तरी आंतील कार्य संपलेलें असतें, आणि तें डोळ्यांना दिसत नाहीं. आमच्या घरांतून थोरल्याचा कोट धाकट्याला, त्याचीं पुस्तकें त्याच्या धाकट्याला, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, व त्यांत काटकसरीबरोबर एक प्रकारचें ममत्वही आहे. पण पडलेल्या माणसाचें हेल्मेट दुसऱ्यास देणें म्हणजे वांचलेला जीव मोजून त्याच्याच भावाला धोका देणें होय. जुन्या बाजारांतून घेतलेल्या हेल्मेटाचा तर पूर्वेतिहासच ठाऊक नसतो.

वांटणीचें दुसरें कारण मापाचें. डोक्याचा घेर मोजण्यास शिंप्याची फीत घ्यावी, ती भुवयांच्या वर बोटभर अंतरानें कपाळावरून कानांच्या वरून मागच्या फुगवट्यापर्यंत फिरवावी, आणि सर्वांत मोठें जें माप येईल तें धरावें. हेल्मेटांवर हें माप 560, 580, 600 असें मिलिमीटरांत लिहिलेलें असतें. एकाच घरांतील तिघां भावांचीं डोकीं मोजून पहावीं. तीं एका मापाचीं निघालीं तर योगायोग समजावा. घेर सारखा आला तरी एकाचें डोकें लांबट व दुसऱ्याचें वाटोळें असूं शकतें. म्हणून घातल्यावाचून घेऊं नये, आणि दुसऱ्यासाठीं आपल्या डोक्यावर घालून तर मुळींच घेऊं नये.

नवें हेल्मेट थोडें घट्ट असावें. गाल किंचित् वर दबले पाहिजेत. हातांनीं तें डावीकडे-उजवीकडे हलविलें असतां त्याबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे. हेल्मेट एकटेंच फिरलें तर तें मोठें आहे. पट्टा बांधून, मागच्या कडेला धरून तें पुढच्या बाजूस उलथून पहावें. निघून हातांत आलें, तर अपघातांतही तें तसेंच निघून जाईल. मग तें डोक्यावर ठेवूनच दुकानांत दहा-पंधरा मिनिटें बसावें. दुकानदार कुरकुर करील, करूं द्यावी. कपाळावर एकाच ठिकाणीं ठणका लागला तर आकार चुकला आहे असें समजून दुसरें मागावें. सर्वत्र सारखी घट्ट मिठी बसली असेल तर घाबरूं नये. आंतील गादी महिन्या-दोन महिन्यांत बसते व हेल्मेट आपोआप सैल होतें. जें पहिल्याच दिवशीं आरामशीर वाटतें तें दिवाळीपर्यंत डोक्यावर नाचूं लागतें.

पट्ट्याविषयीं वेगळें सांगण्याचें कारण, पुष्कळांना तो शोभेचा वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 129 मध्यें शिरस्त्राणाची व्याख्या करतांनाच तें पट्ट्यानें अगर अन्य बंधनानें डोक्यावर घट्ट बांधलेलें असावें असें म्हटलें आहे; म्हणजे न बांधलेलें हेल्मेट कायद्याच्या दृष्टीनेंही हेल्मेट नव्हे. हनुवटीखालीं दोन बोटें जेमतेम शिरतील इतका पट्टा आवळावा. बक्कल कोणत्या जातीचें आहे हा प्रश्न दुय्यम आहे. रोज बांधण्याचा कंटाळा येणार नाहीं असें असावें.

आकाराचे प्रकार तीन. नारळाच्या करवंटीसारखें नुसतें टाळूवर बसणारें, कानापर्यंत येणारें परंतु तोंड उघडें ठेवणारें, आणि हनुवटीसह सर्व चेहरा झांकणारें. पहिल्याविषयीं न बोललेलें बरें. दुसरें व तिसरें यांत लोक घोटाळतात. उकडतें, गुदमरतें, भाजीवाल्याशीं बोलतां येत नाहीं, अशा तक्रारी निघतात. जर्मनींत हॅनोव्हर येथील डीटमार ओटे या संशोधकानें सन 1991 मध्यें प्रसिद्ध केलेल्या पाहणींत हेल्मेटांवर बसलेल्या आघातांपैकीं सुमारें एक तृतीयांश हनुवटीच्या व तोंडाच्या बाजूस बसलेले आढळले. तोंडावर पडणें हा मनुष्याचा स्वभावच आहे. तेव्हां पूर्ण झांकणारेंच घ्यावें, आणि त्यांत पुढून वारा आंत येऊन मागून बाहेर जाण्याचीं छिद्रें चांगलीं आहेत काय, तें पहावें. कोंकणांतील किंवा नागपुराकडील वाचकांस ही छिद्रें रंगापेक्षां महत्त्वाचीं आहेत.

खऱ्याखोट्याची परीक्षा ही शेवटची. आपल्या देशांत दुचाकीच्या हेल्मेटासाठीं भारतीय मानक ब्यूरोचें मानक आहे, त्याचा क्रमांक आयएस 4151. सन 2020 च्या केंद्र सरकारच्या आदेशानें 1 जून 2021 पासून आयएसआय चिन्ह नसलेलें दुचाकीचें हेल्मेट बनविणें अगर विकणें हा गुन्हा झाला आहे. रस्त्यावर तें अजूनही विकलें जातें, आणि त्यावर चिन्हही छापलेलें असतें! म्हणून चिन्हावर विश्वासूं नये. चिन्हाबरोबर सीएम/एल या अक्षरांनीं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, तो ब्यूरोच्या बीआयएस केअर या मोबाईलवरील ॲपमध्यें घालून पहावा. कोणत्या कारखान्याचा परवाना आहे व तो चालू आहे काय, हें तेथें दिसतें. हें काम घरांतील दहावींतल्या मुलाकडे द्यावें, त्याला तें आवडतें. बांधकामावरील मजुराचें पिवळें हेल्मेट वरून पडणाऱ्या विटेसाठीं असतें. तें घालून गाडीवर बसूं नये.

पुण्यांत सन 2019 च्या आरंभीं हेल्मेटाची सक्ती कडक झाली तेव्हां विरोध पुष्कळ झाला. शिखांना फेट्याची सूट आहे, मग पुणेरी पगडीला कां नाहीं, असा विनोदही आम्हीं ऐकिला. शिखांचा फेटा रोज त्यांच्या डोक्यावर असतो व तो त्यांच्या धर्माचा विषय आहे. आमची पगडी खुंटीवर जाऊन किती काळ लोटला याचा हिशेब विनोद करणारांनींच करावा. गंभीर आक्षेप एकच ऐकूं येतो, तो म्हणजे जवळच तर जावयाचें आहे. त्याचें उत्तर वर आलेंच आहे: गाडी उभी असली तरी डोकें वीस किलोमीटरांच्या वेगानें जमिनीवर येतें, आणि लॉरेन्सही घराजवळच होता.

आतां ज्या गोष्टीकरितां हा लेख मुख्यतः लिहिला ती. केंद्र सरकारच्या परिवहन खात्याच्या सन 2022 च्या अहवालांत हेल्मेट न घातलेल्या 50,029 दुचाकीवाल्यांच्या मृत्यूची नोंद आहे. त्यांपैकीं 35,692 गाडी चालविणारे होते, आणि 14,337 मागें बसलेले. या चौदा हजारांत कोण असेल, याचा विचार करावा. मागें बसतें तें बहुधा आपलें घरच: पत्नी, आई, शाळेंतून परतणारी मुलगी. पुढें बसणाराच्या डोक्यावर महागाचें हेल्मेट आणि मागच्या बाईंच्या डोक्यावर मोगऱ्याचा गजरा, हें दृश्य कोणत्याही रस्त्यावर रोज दिसतें. पोलीस पुढच्याला अडवितो म्हणून पुढच्याला हेल्मेट, एवढाच त्यांतील तर्क. चांगलें, मानकाचें, पूर्ण झांकणारें हेल्मेट हजार-दीड हजार रुपयांत मिळतें, व बरोबर तितकीच, म्हणजे हजार रुपयांची रक्कम कायद्यांत हेल्मेट न घातल्याच्या दंडासाठीं सांगितली आहे. लग्नकार्यांत आपण आहेराच्या साड्यांवर काय खर्चितों, तें पाहिलें असतां पैशाची सबब टिकत नाहीं.

स्त्रियांची अडचण खरी आहे ती केसांची. अंबाडा मागें उंच बांधलेला असला तर हेल्मेट पुढें ढकललें जातें, कपाळावर उतरतें, आणि मग पट्टा कितीही आवळला तरी तें हलतें. म्हणून माप घेतांना व दुकानांत घालून पाहतांना केस रोज जसे बांधतां तसे नव्हे, तर मानेवर खालीं सैल वेणी घालून बसावें, व गाडीवर जातांनाही तसेंच ठेवावें. आंकडे व क्लिपा काढून घ्याव्या. आघातांत त्या डोक्यांत रुततात. अंबाडा मुक्कामावर पोंचल्यावर बांधतां येतो. सासूबाईंनीं सुनेला याबद्दल बोल लावूं नये, अशी आमची वडीलकीच्या नात्यानें विनंती आहे. उलट आपल्यासाठींही एक मागून घ्यावें.

मुलांच्या बाबतींत सन 2019 च्या दुरुस्तीनें चार वर्षांवरील प्रत्येकाला शिरस्त्राण आवश्यक केलें आहे. नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं 15 फेब्रुवारी 2023 पासून वेगळा नियम लागू आहे: त्यांना चालकाशीं पट्ट्यांनीं बांधावें, त्यांच्या मापाचें हेल्मेट घालावें, आणि गाडी ताशीं 40 किलोमीटरांच्या वर नेऊं नये. बापाचें हेल्मेट मुलाच्या डोक्यावर ठेवणें हा खेळ घरांत ठीक. रस्त्यावर त्याच्या वजनानें कोवळी मान लचकते. मुलाचें डोकें वाढतें, तेव्हां दर वर्षीं शाळेच्या गणवेशाबरोबर त्याचें माप घ्यावें.

चष्मा लावणारांनीं चष्म्यासह घालून पहावें. काड्या कानशिलांत रुतल्या तर अर्ध्या तासांत डोकें दुखतें, आणि मनुष्य हेल्मेटाला दोष देतो. कांच पांढरी, स्वच्छ असावी. काळी कांच दिवसां शोभते, रात्रीं तीच खड्डा लपविते. पावसाळ्यांत कांचेवर आंतून वाफ धरते; थोडी फट ठेवतां येईल अशी खटक्याची कांच सोयीची. ओरखडे पडलेली कांच बदलून मिळते, व तिच्यासाठीं संबंध हेल्मेट टाकण्याचें कारण नाहीं.

राखणीविषयीं दोन शब्द. कवच पेट्रोलनें किंवा थिनरनें पुसूं नये, त्यावर रंग देऊं नये; प्लॅस्टिक आंतून खचतें. गाडीच्या आरशावर टांगल्यानें पांढऱ्या थरांत खळगा पडतो. कारखानदार सामान्यतः पांच वर्षांनीं नवें घेण्यास सांगतात, तें केवळ विक्रीसाठीं नव्हे; घाम, तेल व ऊन यांनीं गादी व पट्टा जीर्ण होतात. अस्तर निघणारें असल्यास महिन्यांतून एकदां साध्या साबणाच्या कोमट पाण्यानें हातानें धुवावें व सावलींत वाळवावें, उन्हांत अथवा इस्त्रीखालीं नव्हे. डोक्याला तेल लावून लगेच हेल्मेट घालणारांचें अस्तर पंधरा दिवसांनीं धुवावें लागेल. दाराच्या आंत, छत्र्यांच्या खुंटीपासून दूर, माणशीं एक अशा लांकडी खुंट्या ठोकून घ्याव्या, आणि प्रत्येकीखालीं नांवाची चिठ्ठी लावावी. पाहुण्यांसाठीं एक जादा खुंटी व मधल्या मापाचें एक जादा हेल्मेट ठेवलें, तर स्टेशनावर कोणाला पोंचवावयास जातांना शोधाशोध होत नाहीं.